घर सजवणाऱ्याने राजकारण बोलावं का?



गेली काही वर्षं आम्हा इंटिरियर डिझायनर मंडळींमध्ये एका प्रश्नावर सारखा वाद होतो. क्लायंटशी राजकारण बोलावं की बोलू नये? प्रश्न उगीच उपटलेला नाही. 2022 मध्ये शिवसेना फुटली, 2023 मध्ये राष्ट्रवादी काँग्रेस फुटली आणि 2024 या एकाच वर्षात लोकसभेची आणि विधानसभेची निवडणूक झाली. या काळात लॅमिनेटचे नमुने घेऊन कुठल्याही घरात गेलं, की टीव्हीवर हमरीतुमरी चाललेली असायची. वडील एका गटाचे, मुलगा दुसऱ्याचा. चहा यायचा आणि वडील विचारायचे, ‘‘मॅडम, तुम्हाला काय वाटतं? खरी शिवसेना कुणाची?’’ रंग निवडायचा राहूनच जायचा.

माझं उत्तर आधीच सांगून टाकते. मत कुणाला, नेता कोण, पक्ष कुठला, हा विषय डिझायनरने क्लायंटच्या घरात काढू नये आणि त्याने काढला तर हसून बाजूला ठेवावा. पण त्या घराच्या कामामुळे ज्यांच्या आयुष्यावर परिणाम होतो त्यांच्याबद्दल डिझायनरने बोललंच पाहिजे, कुणी विचारलं नाही तरी. दगड कापणाऱ्याच्या छातीत कुठली धूळ जाते, सुताराला संडास वापरू देतात का, घरकाम करणाऱ्या ताईंना टेकायला जागा आहे का, हेही राजकारणच आहे. आणि हे बोलायला आमच्याइतकं मोक्याच्या जागी दुसरं कुणी उभं नसतं.

आता पहिला भाग. पक्षाबद्दल गप्प का राहायचं? काम जाईल या भीतीने, असं बरेच जण म्हणतात. मला ते कारण अपुरं वाटतं. खरं कारण असं की काम चालू असताना घरमालक आणि डिझायनर दोघंही एकमेकांच्या मुठीत असतात. त्याने ॲडव्हान्स दिलेला असतो, स्वयंपाकघर फोडलेलं असतं, संसार खोक्यांत भरून तो भाड्याच्या जागेत राहत असतो. शिंपी आवडला नाही तर दुसऱ्याकडे जाता येतं. अर्धवट फोडलेलं घर टाकून डिझायनर बदलणं फार थोड्यांना परवडतं. इकडे डिझायनरचं शेवटचं बिल अडकलेलं असतं आणि सुताराची मजुरी त्याने स्वतःच्या खिशातून दिलेली असते. अशा वेळी दोघांपैकी कुणीही मान डोलावली, तर ती पटलं म्हणून डोलावली की अडला म्हणून, हे सांगता येत नाही. बरोबरीच्या माणसांत वाद रंगतो. इथे ती बरोबरी नसते.

शिवाय आम्ही लोकांची कपाटं उघडी पाहतो. औषधं कुठली चालू आहेत, नवरा-बायको वेगळ्या खोल्यांत झोपतात का, सासूबाईंचं आणि सुनेचं पटतं का, दागिन्यांची तिजोरी कुठे बसवायची, सगळं आमच्या कानावर आणि नजरेसमोर येतं. इतकं उघडं केल्यावर मतपेटीपुरता तरी आडोसा त्या माणसाला हवाच.

मात्र आपण गप्प राहणं वेगळं आणि त्याचं न ऐकणं वेगळं. माणसाचा सार्वजनिक जीव कशात आहे हे कळल्याशिवाय त्याचं घर नीट होत नाही. दादरच्या हिंदू कॉलनीतलं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं ‘राजगृह’ आठवा. 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला बांधलेल्या त्या घरात पुस्तकांचा आणि कामाचा विचार पायापासून झालेला होता. त्या माणसाचं राजकारण, त्याचं वाचन आणि त्याची बसायची खोली वेगळी काढताच येणार नाही. आपल्या साध्या फ्लॅटमध्येही हे असतं. कुणाकडे रोज सकाळी कार्यकर्ते येतात, तेव्हा दारापाशी चपलांची सोय आणि आतल्या माणसांना आडोसा लागतो. कुणाला दिवाणखान्यात महात्मा फुल्यांची तसबीर हवी असते, कुणाला सावरकरांची. तसबिरीची उंची आणि तिच्यावर पडणारा उजेड हे माझं काम. ती कुणाची असावी हे नाही.

या विषयावर बोलताना मला नेहमी विल्यम मॉरिस आठवतो. वॉलपेपरवरची वेलबुट्टी म्हटलं की ज्याचं नाव येतं तो इंग्लंडचा हा कारागीर. 1861 मध्ये त्याने मित्रांसह घरसजावटीची कंपनी काढली. लंडनच्या सेंट जेम्स राजवाड्यापासून श्रीमंतांच्या बंगल्यांपर्यंत तिने कामं केली. 1870 च्या दशकात यॉर्कशरमध्ये आयझॅक लोथियन बेल या लोखंड कारखानदाराचा राउंटन ग्रेंज नावाचा बंगला उभा राहत होता. वास्तुशिल्पी फिलिप वेब, सजावट मॉरिसची. बेल पुढे सांगत असे, की मॉरिस एकदा त्या घरात तावातावाने येरझाऱ्या घालत होता. काय बिघडलं, असं विचारल्यावर तो उसळून म्हणाला, की माझं आयुष्य श्रीमंतांच्या ओंगळ चैनीची सेवा करण्यात चाललं आहे.

क्लायंटच्या घरात, क्लायंटच्याच तोंडावर! डिझायनरने राजकारण बोलण्याचा याहून ठळक प्रसंग मला माहीत नाही. त्यात एक गोष्ट सहज नजरेतून निसटते. 1875 पासून बेल हा लिबरल पक्षाचा खासदार होता आणि मॉरिसही त्या काळात लिबरलांच्याच बाजूने उभा होता. बाल्कनमधल्या प्रश्नावर 1876 मध्ये जी चळवळ उभी राहिली तिचा तो खजिनदार होता. म्हणजे पक्षावरून या दोघांत भांडण व्हायचं काही कारण नव्हतं. मॉरिसला बोचत होतं ते ज्या घरात तो उभा होता ते घरच, आणि त्या घरातला त्याचा स्वतःचा वाटा.

या उद्रेकाने घडलं काय? बेलने त्याला हाकलून दिलं नाही. जेवणाच्या खोलीसाठी मॉरिस आणि त्याचा चित्रकार मित्र बर्न-जोन्स यांनी आखलेला लांबच लांब भरतकामाचा पट्टा बेलच्या बायकोने आणि मुलींनी कित्येक वर्षं बसून स्वतः भरला. तो आज लंडनमधल्या वॉल्थमस्टो इथल्या मॉरिसच्या संग्रहालयात आहे. मॉरिस 1883 मध्ये समाजवाद्यांच्या संघटनेत गेला, चौकाचौकांत भाषणं करू लागला. मर्टन ॲबीच्या त्याच्या कारखान्यात विणकाम आणि नैसर्गिक रंगांची छपाई मनापासून होत होती, पण हाताने केलेला तो माल इतका महाग पडे की घेणारे पुन्हा श्रीमंतच. हा पेच त्याला कळत होता. त्याने तो कधी लपवला नाही, याबद्दल मला त्याच्याविषयी आदर आहे.

आणि तरीही एका बाबतीत मॉरिस चुकला असं मी ठामपणे म्हणेन. त्याच्या वडिलांचा पैसा डेव्हनमधल्या एका तांब्याच्या खाणकंपनीत होता. त्या खाणीतून पुढे आर्सेनिक, म्हणजे सोमल, मोठ्या प्रमाणात निघू लागला. 1875 पर्यंत मॉरिस स्वतः त्या कंपनीचा संचालक होता. त्या काळात वॉलपेपरच्या हिरव्या रंगात सोमल वापरत. अशा कागदाने माणसं आजारी पडतात असं डॉक्टर सांगू लागले, तेव्हा 1885 च्या एका पत्रात मॉरिसने ती भीती खुळचट ठरवली. त्याच्या सुरुवातीच्या एका वॉलपेपरच्या तुकड्याची तपासणी करून त्यात सोमल असल्याचं 2003 मध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत छापून आलं. श्रीमंतांच्या चैनीबद्दल तो बेलला मोठ्या आवाजात बोलला. पण भिंतीवरच्या हिरव्या रंगाबद्दल, तो रंग खणणाऱ्या मजुराबद्दल आणि त्या खोलीत निजणाऱ्या मुलाबद्दल कुणी बोलायला हवं असेल, तर ते त्यानेच बोलायला हवं होतं. तो त्याच्या धंद्यातला, त्याच्या अधिकारातला विषय होता.

आता आपल्या स्वयंपाकघरात या. आज ओट्यासाठी सर्रास क्वार्ट्‌झ मागतात. पांढराशुभ्र, डाग न धरणारा. हा दगड खाणीतून तसाच निघत नाही. गारगोटीचा चुरा राळेत घट्ट बसवून तो कारखान्यात बनवतात आणि त्यात सिलिकाचं प्रमाण नव्वद टक्क्यांच्याही वर जाऊ शकतं. ग्रॅनाइटमध्ये ते त्याच्या निम्म्याहून कमी असतं. हा दगड कोरडा कापला की डोळ्यांना न दिसणारी धूळ उडते आणि ती फुप्फुसात जाऊन बसते. त्यातून सिलिकोसिस होतो. तो बरा होत नाही. ऑस्ट्रेलियात ओटे कापणारे तरुण कामगार या रोगाने खंगू लागले, तेव्हा तिथल्या सरकारांनी 1 जुलै 2024 पासून या दगडावर बंदी घातली. बनवायचा नाही, विकायचा नाही, बसवायचाही नाही. आपल्याला हा रोग नवा नाही. मध्य प्रदेशात मंदसौरच्या पाटीच्या पेन्सिली कापणाऱ्यांनी आणि गुजरातेत खंभातच्या अकीक घासणाऱ्यांनी तो पिढ्यान्‌पिढ्या भोगला आहे.

आणि आपल्या साइटवर काय चालतं? बाल्कनीत किंवा डक्टपाशी ग्राइंडर लावून वीस-बावीस वर्षांचा मुलगा सिंकसाठी भोक पाडत असतो. तोंडाला रुमाल बांधलेला. रुमालाने ही धूळ अडत नाही. माप घेऊन कटिंग कारखान्यात करून आणता येतं. साइटवर करायचंच असेल तर पाणी सोडत कापता येतं, धूळ ओढणारं यंत्र लावता येतं, चांगला मास्क देता येतो. खर्च थोडा वाढतो, वेळ थोडा जातो. घरमालकाला यातलं काहीच ठाऊक नसतं, म्हणून तो निवडताना फक्त रंग पाहतो. त्याला हे सांगायचं कुणी? दुकानदार सांगणार नाही. कापणारा मुलगा सांगू शकत नाही, सांगितलं तर उद्याचं काम दुसऱ्याला जाईल. उरतो आम्ही.

कायद्याचीही गोष्ट ऐका. बांधकाम मजुरांसाठी 1996 मध्ये केंद्राने कायदा केला. त्यात, स्वतःच्या राहत्या घराचं दहा लाखांपर्यंतचं काम करून घेणाऱ्याला सूट दिली होती. कल्पना समजण्यासारखी आहे, साध्या माणसाला घर दुरुस्त करताना कचेरीच्या फेऱ्या नकोत. पण फ्लॅटच्या इंटिरियरची कितीतरी कामं त्याच मर्यादेत बसत होती. तिथल्या सुताराला, पीओपीवाल्याला, रंगाऱ्याला काय मिळणार हे घरमालक आणि डिझायनर यांच्यातल्या बोलण्यावरच ठरत आलं आहे. त्या बोलण्यात त्यांचा विषयच निघाला नाही, तर तो दुसरीकडे कुठे निघत नाही.

आणखी एक प्रसंग मुंबई-पुण्यात आम्हा सगळ्यांवर येतो. आत राजस्थानचा सुतार शटर बसवत असतो आणि बाहेर दिवाणखान्यात क्लायंट मोठ्याने म्हणतात, ‘‘या परप्रांतीयांनी शहर भरून टाकलंय.’’ 2008 मध्ये उत्तर भारतीयांवर इथे हल्ले झाले, 2020 च्या टाळेबंदीत हेच कारागीर पायी गावाकडे निघाले. आतल्या माणसाला दोन्ही आठवत असतं आणि त्याला मराठी समजतं. इथे ‘आपण राजकारण बोलत नाही’ म्हणून मी गप्प बसले, तर माझं गप्प बसणं त्याच्या कानाला होकारासारखं ऐकू जातं. मी इतकंच म्हणते, ‘‘काका, आत माणसं काम करताहेत, त्यांना ऐकू जातंय.’’ बहुतेक काका लगेच आवाज खाली आणतात. त्यांच्या बोलण्यामागे एक खरी कळही असते. आपली मुलं या कामात का दिसत नाहीत? उत्तर मुकादमांच्या साखळीत आहे. एका गावचा मुकादम आपल्याच गावची पोरं आणतो, ती साइटवरच निजतात, साइटवरच शिकतात. आयटीआयमधून सुतारकाम शिकून आलेल्या इथल्या मुलाला या साखळीत शिरायला जागा नसते. त्याला हेल्पर म्हणून घ्यायचं, तर शिकायच्या काळातली मजुरी कुणीतरी सोसावी लागते. ती कोटेशनमध्ये धरू का, असं मी काकांना विचारते. हे बोलणं मला आवडतं, कारण त्यातून कुणाला तरी काम मिळू शकतं.

घरकाम करणाऱ्या बायकांचंही तसंच. त्यांच्यासाठी कल्याण मंडळ नेमण्याचा कायदा महाराष्ट्राने 2008 मध्ये केला, पण लाखो रुपयांच्या मॉड्युलर किचनमध्ये त्यांची पर्स अडकवायला एक हूक नसतो. आराखडा काढताना मी विचारते, ‘‘तुमच्याकडच्या मावशी चहा कुठे बसून पितात?’’ पुष्कळ घरांत या प्रश्नावर क्षणभर कुणीच बोलत नाही, मग घरातली मुलं बोलतात. एक घडीचं स्टूल आणि एक हूक, खर्च नगण्य.

म्हणून माझ्या कोटेशनमध्ये प्लाय, लॅमिनेट, बिजागऱ्या यांच्याबरोबर तीन ओळी असतात. दगडाचं कटिंग कारखान्यात किंवा पाण्याखाली. कामगारांना घरातलं एक टॉयलेट आणि पिण्याचं पाणी. सामान आणि माणसं दोन्हींसाठी लिफ्ट. क्लायंट कुठल्या पक्षाचा आहे यावर या ओळी कमी-जास्त होत नाहीत, आणि त्या मान्य करणारे मला सगळ्याच पक्षांत भेटले आहेत. दरावर घासाघीस होते तेव्हा मी हँडल स्वस्तातलं सुचवते, फॉल्स सीलिंग कमी करते, एखादं कपाट पुढच्या वर्षावर टाकते. या तीन ओळी काढत नाही. लिफ्टला सोसायटीच आडवी आली, तर सेक्रेटरींना पत्र फ्लॅटमालकाने द्यायचं असतं. त्याचा मसुदा मी लिहून देते आणि काम सुरू व्हायच्या आधी त्यावर सही घेते.