सुरतेस उतरावे कोठे?

दोन दिवसांच्या सवडीने सुरतेस जाणारा बहुधा स्थानकाजवळच उतरतो. कापडखरेदी हाच हेतू असेल तर ते योग्यच. रिंग रोडवरील बाजार तेथून जवळ पडतात. परंतु १६६४ साली शिवाजी महाराजांनी ज्यावर स्वारी केली ते जुने बंदर पाहावयाचे असेल, तर चौकबाजाराचा शेजार धरावा. त्या स्वारीत सुभेदार इनायतखान ज्यात दडून बसला, तो तापीकाठचा किल्ला तेथेच आहे. हाजयात्रेकरूंसाठी १६४४ साली बांधलेली मुघलसराईही पायी गाठता येते. आज तीत महानगरपालिकेची कचेरी आहे. येथे गल्ल्या अरुंद, गलबला फार. निवांतपणाच हवा असल्यास नदीपलीकडील अडाजण बरे. मात्र भाड्यात वाचलेले चार पैसे रिक्षात आणि वेळ रस्त्यात जाणार नाही, एवढे आधी पाहावे.