दहा दिवसांचे आयुष्य

(न्यासाच्या वार्षिक सभेत एका ज्येष्ठ वैद्यकांनी केलेले भाषण)



आजच्या सभेत मृत्यूविषयी बोलण्याची अनुज्ञा मी मागितली, तेव्हा अध्यक्ष क्षणभर थांबले आणि मग ‘बोला’ म्हणाले. त्यांचा मी ऋणी आहे. रुग्णालयाच्या अहवालात खाटा, यंत्रे व शस्त्रक्रिया यांची मोजदाद सविस्तर असते. मृत्यूच्या वाट्याला तक्त्यातील एक ओळ येते.

आपल्या विठ्ठलवाडीहून कल्याण हे एका स्थानकाचे अंतर. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे माहेर त्याच कल्याणचे. ३१ मार्च १८६५ रोजी जन्मलेल्या यमुनेचा नवव्या वर्षी गोपाळराव जोशी यांच्याशी विवाह झाला आणि ती आनंदी झाली. चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला. योग्य उपचारांअभावी तो अवघे दहा दिवस जगला. पुढील कथा आपणांस ठाऊक आहे : १८८३ साली अमेरिकेस प्रयाण, फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिक्षण, ११ मार्च १८८६ रोजी पदवी. ही कथा आपण अभिमानाने सांगतो, आणि ते योग्यच आहे. मात्र तिने प्रबंधासाठी निवडलेला विषय फारसा कोणी सांगत नाही. तो होता हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. ज्या ठिकाणी तिचे मूल गेले, नेमक्या त्याच ठिकाणी ती अभ्यासाला बसली.

त्या काळी कितीतरी घरांतून अशी तान्ही मुले गेली. नशिबाला बोल लावून, नवस बोलून घरे पुन्हा आपल्या कामाला लागली. दुःखाने माणूस शहाणा होतोच असे नाही. माझ्या पस्तीस वर्षांच्या व्यवसायात तेराव्याच्या आत वाटणीवरून भांडलेली कुटुंबे मी बरीच पाहिली आहेत. आनंदीबाईंनी त्या मृत्यूकडे पाठ फिरवली नाही; येथे काय उणे होते, असे विचारले. उत्तर मिळाल्यावर आयुष्यातील बाकीच्या पुष्कळ गोष्टी त्यांच्या दृष्टीने गौण ठरल्या असाव्यात. आयुष्य तरी किती लाभले? कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्री-विभागाची जबाबदारी त्यांच्यासाठी ठरली होती. परंतु २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षेही पुरी होण्याआधी, क्षयाने पुण्यात त्यांचे निधन झाले.

आता थोडे स्वतःविषयी. माझे वडील शेवटचे एकोणीस दिवस अतिदक्षता विभागात होते. ते रुग्णालय कोणते, हे येथे महत्त्वाचे नाही. तेथील उपचारांत कसूर नव्हती. कसूर माझी होती. तिसऱ्या दिवशी, बोलता येत होते तेव्हा, ते म्हणाले, ‘‘मला घरी ने.’’ मी म्हणालो, ‘‘अण्णा, उद्या बघू.’’ चौथ्या दिवशी श्वासनलिकेत नळी घातली गेली. त्यानंतर सोळा दिवस मी रक्ताचे अहवाल वाचीत राहिलो. त्यांना घरी काय हवे होते, खिडकीतली खुर्ची की आईशी दोन शब्द, हे मी विचारले नव्हते. वैद्यक असूनही विचारले नाही, की वैद्यक असल्यामुळेच, याचा निर्णय मला अजून करता आलेला नाही.

येथे बसलेल्या कुटुंबीयांना यासाठीच एक माहिती देतो. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी सन्मानाने मरण्याचा अधिकार मान्य करून वैद्यकीय इच्छापत्रास, ज्यास ‘लिव्हिंग विल’ म्हणतात, मान्यता दिली. त्याची पद्धत प्रारंभी फार किचकट होती. जानेवारी २०२३ मध्ये न्यायालयाने ती सुलभ केली. आता दोन साक्षीदारांसमोर स्वाक्षरी करून नोटरी अथवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून ते साक्षांकित करता येते. आपली निर्णयशक्ती गेल्यास आपल्या वतीने कोणी बोलावे, त्यांची नावे त्यात लिहावयाची असतात. रुग्ण बरा होण्याची आशा उरली नसेल, तर उपचार थांबविण्याचा निर्णय वैद्यकांची दोन स्वतंत्र मंडळे तपासून घेतात. इंजेक्शन देऊन जीव घेण्याशी याचा काहीही संबंध नाही. तशी परवानगी आपल्या देशात नाही. ‘‘असले कागद केले की मुले सेवा करणार नाहीत,’’ असे एका आजींनी मला सुनावले होते. त्यांची शंका मी हसण्यावारी नेत नाही. म्हणूनच कागदाआधी घरात बोलणे व्हावे.

तो कागद मी स्वतः मागील महिन्यात लिहावयास घेतला. कृत्रिम श्वसनयंत्राविषयीचा परिच्छेद दहा मिनिटांत झाला. मग मला काय हवे आहे, हे लिहू लागलो आणि तीन संध्याकाळ अडून राहिलो. अखेर लिहिले : वेदना नसावी, घर असावे, आणि धाकट्या भावाशी बारा वर्षे बंद असलेले बोलणे त्याआधी सुरू झालेले असावे. शेवटच्या ओळीसाठी मरणाची वाट पाहण्याचे कारण नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याला फोन केला. पहिली पाच मिनिटे आम्ही दोघेही पावसाविषयीच बोललो.