अडगळीतील बालपण



आजच्या विषयाचे नाव वाचून काही श्रोत्यांना हसू आले असेल. अडगळ कोणाच्या घरात नाही? मिठाईच्या पुड्याचा दोरा गुंडाळून ठेवणे, दुधाच्या पिशव्या धुऊन वाळत घालणे, ‘असू दे, लागेल कधीतरी’ म्हणणे हा तर आपल्या मध्यमवर्गाचा कुळधर्मच. त्याविषयी आमची तक्रार नाही. आम्ही बोलणार आहोत ते वस्तूंनी माणसांनाच बाहेर ढकलले अशा घराविषयी. तसे घर आम्हां भावंडांच्या वाट्याला आले होते, म्हणून हे धाडस.

आमचे वडील साठवीत. वर्तमानपत्रे तर होतीच; शिवाय छत्र्यांच्या काड्या, किल्ल्या नसलेली कुलपे, कुलपे नसलेल्या किल्ल्या, डालड्याचे डबे, लग्नपत्रिका, औषधाच्या रिकाम्या बाटल्या. दोन खोल्यांपैकी आतली आधी भरली; मग बाहेरच्या खोलीत एक पाऊलवाट तेवढी उरली. आई दारामागच्या बोळात स्टोव्ह मांडून स्वयंपाक करी. आमचा अभ्यास झाला वाड्याच्या जिन्यावर. पण गैरसोय मुले सोसतात. खरा जाच निराळा होता. कडी वाजली की घरातले सगळे गप्प होत. मित्राला वरूनच ‘थांब, खालीच येतो’ असे ओरडून सांगायचे. आईने हळदीकुंकू कधी केले नाही. थोरल्या बहिणीला पाहायला मंडळी आली ती मामांच्या घरी, आणि ‘आमचे घर रंगवायला काढले आहे’ ही थाप सर्वांनी पाठ केली होती. बाहेर वडिलांविषयी बोलायचे नाही आणि घरात त्यांच्या देखत कशाला हात लावायचा नाही, असा हा दुहेरी पहारा लहानपणीच आमच्यावर बसला.

शेजारी याचे कारण सांगत. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, त्या पुरात यांचे बिऱ्हाड वाहून गेले, तेव्हापासून हा माणूस वस्तूंना चिकटला. ऐकायला पटण्यासारखे, परंतु काकांचेही बिऱ्हाड त्याच पुरात गेले होते, आणि ते दर दिवाळीपूर्वी बिनदिक्कत रद्दी घालीत! आजी तर सांगे, की वडील शाळेत असल्यापासून पाटीवरच्या पेन्सिलींचे तुकडे जपत. अमेरिकेत रँडी फ्रॉस्ट प्रभृती अभ्यासकांनी १९९० नंतर या प्रकाराचा पद्धतशीर शोध घेतला, तेव्हा बालपणीच्या गरिबीशी त्याचा सरळ संबंध त्यांना दिसला नाही. न्यूयॉर्कच्या कॉलियर बंधूंच्या घरातून १९४७ साली शंभर टनांहून अधिक सामान निघाले. ते दोघे सुखवस्तू डॉक्टरांचे मुलगे होते. लक्षणे बहुधा कुमारवयात दिसू लागतात, वयाबरोबर वाढतात, पुष्कळदा एकाच कुटुंबात अनेकांत आढळतात. एखादा आघात त्यात भर घालतो, इतकेच. पूर्वी याला मंत्रचळाची शाखा समजत. २०१३ साली अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने त्याला स्वतंत्र विकार मानले.

यावर कोणी म्हणेल, मग पुण्याच्या दिनकर केळकरांना काय म्हणाल? त्यांनीही अडकित्ते, दिवे, दौती जमविल्याच की! पण केळकरांनी वस्तू निवडल्या, मांडल्या आणि दिवंगत पुत्र राजा याच्या नावाने लोकांपुढे ठेवल्या. संग्राहक माणसांना घरात बोलावतो. आमच्या घरात वस्तू आल्या तशी माणसे यायची थांबली.

एकदा वडील श्राद्धासाठी गावी गेले असता एका वडीलधाऱ्या नातलगांनी टेंपो आणून अर्धे घर रिकामे केले. हेतू चांगलाच होता. परत आल्यावर वडील काही बोलले नाहीत. दोन दिवस जेवले नाहीत. वर्षाच्या आत खोली पुन्हा भरली, आणि या वेळी दाराला कुलूप लागले, किल्लीसकट. मालकाच्या मागे केलेली सफाई टिकत नाही, उलट विश्वास मात्र जातो, असे तज्ज्ञही सांगतात. टाकायचे की ठेवायचे हा निर्णय त्या माणसानेच, थोडा थोडा, सवय करीत घ्यावा लागतो.

आमच्या धाकट्या बहिणीने पुढे एका डॉक्टरांच्या सल्ल्याने हेच केले. दर रविवारी एकच डबा चटईवर ओतायचा. ‘हे ठेवू की देऊ, दादा?’ एवढेच विचारायचे, आणि ते ‘ठेव’ म्हणाले तर वाद न घालता ठेवायचे. पहिले कित्येक रविवार सगळे ‘ठेव’च होते. चार वर्षांनी आतल्या खोलीची खिडकी उघडता आली. ती पाहायला आई राहिली नव्हती. वडील मात्र खिडकीशी खुर्ची टाकून बसत आणि खालच्या रद्दीवाल्याशी भावावरून हुज्जत घालीत.