सुकलेल्या झाडाला पाणी घालण्याआधी



आज कापूस-ज्वारी जरा बाजूला ठेवू आणि दारातल्या झाडांचं बोलू. तुळस, परसातला कढीपत्ता, डब्यात लावलेली जास्वंद, मोगरा. शेतातलं रोप पिवळं पडलं की आपण ते उपटून मूळ बघतो, माती हातात घेऊन चोळतो. पण दारची तुळस मलूल दिसली की काय करतो? आणखी एक तांब्या पाणी ओततो. चूक होते ती इथंच.

आमच्याच घरची गोष्ट सांगतो. आईनं माहेराहून आणलेली तुळस, दर वर्षी बी धरून तिनं ती चालवलेली. एका श्रावणात तुळशीनं माना टाकल्या. पाणी कमी पडतंय, असं सगळ्यांनाच वाटलं. सकाळी आई एक तांब्या घाली, पूजेच्या वेळी वहिनी एक घाली आणि संध्याकाळी दिवा लावताना धाकटी बहीण आणखी एक. वरून पाऊस होताच. मी माती उकरून पाहिली तर खाली नुसता चिखल, त्याला कुजका वास. वृंदावनाला तळाशी भोकच ठेवलेलं नव्हतं. तुळस तहानेली नव्हती, पाण्यात गुदमरली होती.

मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. माती सतत ओली राहिली की तिच्यातली हवा निघून जाते आणि मुळं कुजतात. कुजलेल्या मुळाला पाणी ओढता येत नाही. म्हणून पाण्यात उभं असलेलं झाडही सुकल्यासारखं दिसतं.

तेव्हा पाणी घालण्याआधी बोट मातीत दोन पेरं खुपसून बघा. माती बोटाला ओली चिकटली तर पाणी बंद. आत कोरडी भुकटी लागली तरच पाणी घाला, आणि मग तळातून निघेपर्यंत घाला. झाड मेलं की जिवंत आहे, हे कळत नसेल तर खोडाची साल नखानं जराशी खरवडा. आत हिरवं दिसलं तर आशा आहे.

मुळं कुजली असतील तर असं करावं. उन्हं उतरल्यावर झाड मातीच्या गड्ड्यासह अलगद काढावं. काळी, मऊ पडलेली मुळं स्वच्छ चाकूनं कापावीत; पांढरी, टणक मुळं राखावीत. वरचा शेंडाही एक तृतीयांश छाटावा, म्हणजे उरलेल्या मुळांवर भार पडत नाही. कुंडीला किंवा डब्याला तळाशी भोक पाडून त्यावर खापरीचा तुकडा पालथा ठेवावा. दोन भाग चांगली माती, एक भाग वाळू आणि एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत मिसळून भरावं. माती काळी, चिकण असेल तर वाळू जास्त घ्यावी. एकदा पाणी देऊन ८-१० दिवस सावलीत ठेवावं, मग सकाळचं कोवळं ऊन दाखवावं. नवी पालवी फुटेपर्यंत युरिया नको, ताजं शेण तर नकोच. आजारी माणसाला आपण पुरणपोळी वाढत नाही, पेज देतो. तसंच हे.

तुळशीच्या मंजिऱ्या वेळच्या वेळी खुडाव्यात. बी धरू लागलं की झाड लवकर थकतं. तरी तुळस दोन-तीन वर्षांचीच सोबतीण. म्हणून एखाद-दुसरी मंजिरी पिकू द्यावी आणि बी टाकून ठेवावं. पावसाळ्यात पूजेला पळीभर पाणी पुरतं. भक्ती तांब्याच्या मापानं मोजत नाहीत!

कढीपत्त्याचं कोवळं पान पिवळं आणि शिरा हिरव्या दिसल्या तर लोह कमी पडतंय असं समजावं. चुनखडीच्या जमिनीत हे फार होतं. १ लिटर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस आणि अर्ध्या लिंबाचा रस घालून संध्याकाळी पानांवर फवारावं. पुढं ८-१० दिवस ती पानं फोडणीला घेऊ नयेत, नंतर धुऊन घ्यावीत. मोरीचं साबणाचं पाणीही बुडाशी सोडू नये.

जास्वंदीवर कापसासारखा पांढरा पिठ्या ढेकूण दिसला तर आधी पाण्याच्या जोरानं धुऊन काढा. मग ५० ग्रॅम निंबोळ्या कुटून १ लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी गाळा, चिमूटभर साबणचुरा विरघळवून फवारा.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगतो. शेतातल्या फवारणीचं उरलेलं औषध दारच्या झाडावर कधीही मारू नका. तुळशीचं पान खोकल्याच्या काढ्यात जातं. पोरं येता-जाता ते तोंडात टाकतात. झाड पुन्हा लावता येईल.

आमची ती तुळस वाचली. कार्तिकात तिचं लग्न लागलं तेव्हा अंगावर नवी पालवी होती. आता वृंदावनाला भोक आहे, आणि पाणी घालायचं काम एकट्या आईकडं आहे.

उद्या सकाळी तुमच्या तुळशीत बोट घालून बघा. बरं तर, रामराम.