त्वचेचे पथ्य : इसब आणि दीर्घकालीन काळजी

(सुवर्णमहोत्सवी वर्षातील आरोग्यविषयक व्याख्यानाचा मजकूर)



पेण आणि रोहा ही दोन्ही गावे एकाच पावसात न्हाणारी. रायगड जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. आषाढ-श्रावणात कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत. पेणच्या गणेशमूर्तींच्या कारखान्यांत कारागिरांचे हात दिवसभर शाडू, प्लॅस्टर आणि रंगांत असतात. रोह्याजवळील धाटाव येथे रासायनिक कारखान्यांची वसाहत आहे. आणि घरोघरी गृहिणींचे हात धुण्या-भांड्यांच्या साबणात भिजतात. अशा परिसरात त्वचेच्या तक्रारी असणे स्वाभाविकच होय. त्यांतही इसब, ज्यास डॉक्टर एक्झिमा म्हणतात, हा विकार दीर्घकाळ सोबत करणारा. आणि त्याविषयीचे गैरसमजही तितकेच दीर्घायुषी आहेत.

पहिला गैरसमज संसर्गाचा. इसब स्पर्शाने पसरत नाही. एका ताटात जेवल्याने वा एका अंथरुणावर निजल्याने तो दुसऱ्यास होत नाही. चरकसंहितेत इसबाशी जुळणारी ‘विचर्चिका’ क्षुद्रकुष्ठांत गणली आहे. परंतु तेथे ‘कुष्ठ’ हा शब्द अनेक त्वचाविकारांसाठी योजिला आहे, केवळ आजच्या कुष्ठरोगासाठी नव्हे. असे असूनही विवाहयोग्य मुलीच्या हातावरील डाग लपविले जातात आणि लपविलेला विकार उपचारांवाचून वाढत राहतो.

वस्तुतः त्वचा ही शरीराची तटबंदी आहे. तिच्यातील ओलावा टिकविणारी घडण काहींची जन्मतःच दुबळी असते. या घडणीस आवश्यक अशा ‘फिलाग्रिन’ नामक प्रथिनातील आनुवंशिक दोष आणि बालपणापासूनचा इसब यांचा संबंध २००६ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवून दिला. अशा कुटुंबांत दमा वा सततची सर्दीही पुष्कळदा आढळते. काहींना मात्र साबण, सिमेंट, रसायने वा नकली दागिन्यांतील निकेल यांच्या संपर्काने इसब होतो. तेथे कारण शोधून दूर करणे हाच अर्धा उपचार होय.

आता सर्वांत गंभीर मुद्दा. खाज असह्य झाली की औषधांच्या दुकानातून विचारपूसीवाचून मलमाची ट्यूब आणली जाते. पुष्कळदा तीत तीव्र स्टेरॉईड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक एकत्र असतात. दोन दिवसांत आराम पडतो आणि तीच ट्यूब घरातील सर्वांची होते. परंतु ती खाज गजकर्णाची असेल, तर स्टेरॉईडने वरवर लाली ओसरते आणि बुरशी आतून पसरते. तिची ओळखीची कडाही पुसट झाल्याने डॉक्टरांनाही निदान कठीण जाते. चेहऱ्यावर वा जांघेत दीर्घकाळ लावल्यास त्वचा पातळ होते, जांघेत कायमचे वण उमटतात. ही उसनवारी आहे. तिचे व्याज त्वचेस फेडावे लागते. म्हणूनच केंद्र शासनाने मार्च २०१८ मध्ये १४ स्टेरॉईड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकण्याच्या नियमाखाली आणली.

याचा अर्थ स्टेरॉईड विष आहे असा नव्हे. योग्य निदानानंतर, योग्य तीव्रतेचे मलम, ठरलेल्या दिवसांपुरते लावल्यास ते इसबाचे उत्तम औषध आहे. भीतीपोटी ते मध्येच सोडणेही हानिकारकच. प्रौढाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेराएवढे मलम साधारण दोन तळहातांएवढ्या त्वचेस पुरते, हे माप ध्यानी ठेवावे.

खरे पथ्य मात्र नित्याचे आहे. कढत पाण्याऐवजी कोमट पाण्याने, पाच-दहा मिनिटांत स्नान आटोपावे. साबण सौम्य आणि मोजका असावा. अंग खसखसून न पुसता टॉवेलने टिपावे आणि ओलसर असतानाच व्हॅसलिन वा सुगंधविरहित मलई लावावी. पुष्कळांना खोबरेल तेलही मानवते. त्वचा बरी दिसू लागली तरी हा क्रम मोडू नये. मुलांची नखे कापलेली असावीत. ओल्या कामात रबरी हातमोजे आणि त्यांच्या आत सुती मोजे वापरावेत.

वस्त्रांचाही येथे मोठा वाटा आहे. लोकर आणि खरखरीत कृत्रिम धागा त्वचेस टोचतो. नव्या कापडावर खळ असते, सुरकुत्या पडू नयेत म्हणून रासायनिक प्रक्रियाही केलेली असते. काही गडद रंगही त्वचेस बाधतात. सबब नवे कापड आधी धुऊन मगच अंगावर घालावे आणि आतील वस्त्र सैल, मऊ व सुती असावे. पावसाळ्यात दमट कपडे घालू नयेत.

आहाराविषयीही विवेक हवा. इसब दिसताच बालकाचे दूध परस्पर बंद करणारी घरे आहेत. शाकाहारी घरात दूध हा प्रथिनांचा आणि बी-१२ जीवनसत्त्वाचा मोठा आधार. तपासणी आणि डॉक्टरांचा सल्ला यांवाचून तो काढून घेतल्यास इसब तर जात नाहीच, उलट मुलाची वाढ मात्र खुंटते.

त्वचेतून पू वा पिवळट खपली दिसू लागली, ताप आला, किंवा दुखणाऱ्या बारीक फोडांचा पुंजका उठला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. खाजेने झोप उडत असेल, तरीही त्वचारोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. जाताना आजवर लावलेली प्रत्येक ट्यूब सोबत न्यावी. तिच्यावरील नावे हीच डॉक्टरांसाठी मोलाची माहिती ठरते.

इसबाचा कल अनेकांच्या बाबतीत समूळ जात नाही, परंतु तो काबूत ठेवता येतो. बालपणीचा इसब पुष्कळ मुलांत वयाबरोबर ओसरतोही. एका दिवसाच्या चमत्कारापेक्षा रोजचा नेम येथे श्रेष्ठ ठरतो. हात सोलल्यामुळे काम सोडावे लागलेल्या कारागिराला, खाजेमुळे वर्गात लक्ष न लागणाऱ्या मुलाला आणि बाही ओढून हात झाकणाऱ्या मुलीला या नेमाची ओळख करून देणे हे प्रत्येक कुटुंबाला सहज शक्य आहे. त्यासाठी पैसा थोडाच लागतो. लागते ती माहिती, धीर आणि घरच्यांची माया.

॥ जय जिनेंद्र ॥