सुरक्षेचा कायदा मुलींनी का शिकावा?
(वर्धापनदिनी झालेले भाषण)



मुलीने एल्‌एल्‌. एम्‌.ला राष्ट्रीय सुरक्षेचा कायदा घेतला, की घरची माणसे म्हणतात, "हे पोलिसांचे काम. तुला कशाला?" याचे उत्तर एका खटल्यात आहे.

हरिकिसन नावाच्या इसमास महाराष्ट्रात खटल्याविना स्थानबद्ध केले. कारणांचा कागद इंग्रजीत. ती भाषा त्यास येईना. त्याने मागितलेले हिंदी भाषांतर नाकारले गेले. १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने ही स्थानबद्धता बेकायदा ठरविली. ज्या कागदाचा अर्थच कळत नाही, त्याला उत्तर कसे द्यावे?

१९८० च्या राष्ट्रीय सुरक्षा कायद्याखाली माणसास १२ महिन्यांपर्यंत खटल्याविना ठेवता येते. सल्लागार मंडळापुढे वकील देण्याचा हक्क नाही. मात्र कारणे साधारणतः ५ दिवसांत कळवावी लागतात, मंडळाचा अहवाल ७ आठवड्यांत यावा लागतो. माणूस आत गेला म्हणजे या तारखा कोणी मोजायच्या? घरच्या बायकांनीच! त्यांना सांगणारी जाणती बाई नको का?

देश सुरक्षित राहिला पाहिजे, यात दुमत नाही. पण आणीबाणीत, १९७६ साली, पाचांपैकी चार न्यायमूर्ती म्हणाले की, स्थानबद्धास न्यायालयात दाद मागता येणार नाही. एकटे न्यायमूर्ती खन्ना विरुद्ध गेले. पुढल्या वर्षी सरन्यायाधीशपद त्यांना डावलून दुसऱ्यास दिले गेले. २०१७ साली मात्र सर्वोच्च न्यायालयाने बहुमताचा तो निर्णय चुकीचा ठरविला.

सत्तेची मर्यादा जाणणारी माणसे अभ्यासानेच तयार होतात. तेव्हा भगिनींनो, मुलीने हा विषय मागितला, तर तिला अडवू नका.