खेळायचं वय कुणी संपवलं?

(कळंब येथे बचतगटांच्या मैत्रिणींसमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

मैत्रिणींनो,

आत्ता मी विचारलं, शेवटचं कधी खेळलात? कुणी म्हणालं, पंचमीला झोका घेतला. कुणी म्हणालं, लग्नाआधी. मागच्या मावशी म्हणाल्या, "न्हाण आलं आन् आईनं उड्या मारायची दोरी चुलीत घातली." सगळ्या हसलो. पण ती दोरी आपल्या सगळ्यांचीच जळाली आहे.

आपला जिल्हा खो-खोचा. सारिका काळे इथलीच. 2016 साली गुवाहाटीला दक्षिण आशियाई स्पर्धेत तिच्या नेतृत्वाखाली भारताच्या मुलींनी सुवर्णपदक मिळवलं. 2020 साली तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. 2025 साली खो-खोचा पहिला विश्वचषक जिंकणाऱ्या आपल्या महिला संघाची कर्णधार प्रियंका इंगळे मूळची शेजारच्या बीड जिल्ह्यातली. आपण त्यांच्यासाठी टाळ्या वाजवतो. मग स्वतः मैदानात पाऊल टाकायला का लाजतो?

"दिवसभर राबतोच की, आणखी व्यायाम कशाला?" हा प्रश्न मला नेहमी विचारतात. खुरपताना, मोळी उचलताना कंबर झिजते, गुडघे झिजतात. ते काम दुसऱ्यासाठी असतं आणि थांबणं आपल्या हातात नसतं. खेळात कधी पळायचं, कधी बसायचं, हे आपण ठरवतो. मला पदक नको आहे. आठवड्यातला एक तास हवा आहे.

माझी एक चूक सांगते. आमचा गट जमला त्या पहिल्याच दिवशी उत्साहात मी सगळ्यांना थेट खो-खो खेळायला लावलं. एकीचा घोटा मुरगळला. घरचे म्हणाले, "झाली हौस? बस आता घरात." ती दोन महिने आली नाही. पुरुषाचा पाय मुरगळला तर पायच दुखतो; बाईचा मुरगळला तर तिचं मैदान बंद होतं. म्हणून जपून सुरुवात करणं हाही आपल्या हक्काचाच भाग आहे.

आता आम्ही असं करतो. आधी दगड-काचा वेचतो. दहा मिनिटं चालतो, मग घोटे, गुडघे, खांदे मोकळे करतो. पहिले काही आठवडे रिंग, आबाधोबी असे हलके खेळ. खेळता खेळता बोलता आलं पाहिजे. धाप लागून शब्द फुटेना तर वेग कमी. सूर मारणं, खांबाला झोका देऊन वळणं हे शिकवणाऱ्या बाईंशिवाय नाही. उन्हाळ्यात सकाळी लवकर किंवा दिवस मावळल्यावर, आणि पाणी सोबत. पायात चपला नकोत, घट्ट बसणारे बूट हवेत. साडी नेसायची तर काष्टा घाला, ओढणी कमरेला बांधा.

जोडवी आणि काचेच्या बांगड्या काढून ठेवा. यावर आमच्याकडे वाद झाला. शेवटी एक सासूबाईच म्हणाल्या, "भाकरी थापताना अंगठी काढतोच की." वाद मिटला.

राज्यात निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी आहे. चक्कर येत असेल, थकवा असेल तर आधी सरकारी दवाखान्यात रक्त तपासून घ्या. गरोदर असाल, नुकतं बाळंतपण किंवा गर्भाशयाचं ऑपरेशन झालं असेल, तर डॉक्टरांना विचारूनच या. पाळीत खेळायला हरकत नाही. नको वाटलं तर बसा. उडी मारताना लघवी सुटते, हे लपवू नका. लघवी अडवताना जसे स्नायू आवळतो तसे पाच आकडे आवळायचे, सैल सोडायचे, असं दहा वेळा रोज. काही महिने केल्यावर बऱ्याच जणींना फरक पडतो. पाय लचकला तर चोळू नका. फडक्यात बर्फ गुंडाळून शेका, पट्टी बांधा, पाय उंच ठेवा. छातीत दुखलं तर खेळ तिथंच थांबवा आणि लगेच दवाखाना गाठा.

पोरं मोबाईलवर चित्रण करतात, हेही घडलं. आम्ही घरी पळालो नाही. सगळ्या मिळून त्यांच्याजवळ गेलो आणि समोर ते पुसायला लावलं. म्हणून एकटीनं नको, निदान आठ-दहाजणींनी या.

शेवटचं. महिला ग्रामसभेत बसाल तेव्हा पाणी-रस्त्याबरोबर एक ठराव मांडा: गावच्या मैदानाचा आठवड्यातला एक तास बायकांचा. मावशी, तुम्ही दोरी घेऊन या. धरायला आम्ही आहोत.